जुनाच पासवर्ड

नवा राउटर बसवला, पण दिगंबरच्या घरात एकाही फोनला नेट लागेना. दोनदा बंद-चालू केला, वायर काढून पुन्हा खोचली, तरी तेच. तो पुरता गोंधळला.

तेवढ्यात शेजारी राहणारा धाकटा भाऊ श्रीपाद दारात आला. वाटणीवरून भांडण झाल्यापासून चार वर्षं दोघं बोलत नव्हते.

"दादा, नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दे. सगळे फोन आपोआप लागतील. पासवर्ड मला पाठ आहे."

"जुना पासवर्ड तुला कसा माहीत?"

"वहिनीनं दिलाय," श्रीपाद खाली बघत म्हणाला. "सकाळपासून आमचंही नेट बंद आहे."

दिगंबरनं बायकोकडे पाहिलं. ती चहा टाकायला गेली. रागवावं तरी कुणावर, त्याला कळेना. शेवटी तो बाजूला सरकला.

"बस इथे. तूच घाल. मला कुठे आठवतोय?"