तारेनं बांधलेली खुर्ची

आमच्या नाटकाच्या तंबूत बाकं नाहीत. गावोगावचे लोक घरून खुर्च्या आणतात आणि खेळ संपला की डोक्यावर घेऊन परत जातात.

सान हेरोनिमो गावात एक खुर्ची मागे राहिली. निळी, डावा हात तांब्याच्या तारेनं बांधलेला. कंपनीचा मालक एउलालिओ, माझा नवरा, त्यानं ती चर्चच्या दाराशी ठेवली आणि आमचा ट्रक निघाला.

पुढच्या गावात ती शेवटच्या रांगेत होती. रिकामी.

"अगं, निळ्या खुर्च्या काय कमी आहेत?"

"आणि तार?"

एउलालिओ तंबूचे दोर आवळायला गेला.

त्यापुढच्या गावात ती मधे होती. काल पहिल्या रांगेत. लोक उभे होते, पण तिच्यावर कुणी बसेना. मी एका म्हातारीला विचारलं, "कुणाची हो ही?"

"तुमच्याबरोबरच आली की, बाई."

आज सकाळी एउलालिओनं ती फोडून चुलीत घातली. तिच्याच जाळावर आम्ही कॉफी उकळली.

दुपारच्या खेळाला तंबू भरला होता. निळं काही दिसलं नाही. मी छातीवर क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटून रंगमंचावर गेले. वीस वर्षं मी आंधळी आई करते. पडदा पडेपर्यंत डोळे उघडत नाही. ती बेइमानी होईल.

चाचपडत आईच्या खुर्चीपाशी पोचले. बोटांना तार लागली.

पुढचं वाक्य बसूनच म्हणायचं असतं, म्हणून बसले. बैठक उबदार होती, कुणीतरी आत्ताच उठल्यासारखी.

उठलेलं माणूस लांब गेलं नव्हतं. पडदा पडायला अजून पाऊण तास होता.