ओंडक्याचा नियम

लुआंग्वा नदीकाठच्या जंगलात पाहुण्यांना पायी फिरवताना बाबा रोज बजावायचे, "ओंडका थेट ओलांडायचा नाही. आधी वर चढा, पलीकडे बघा, मगच उतरा." आज त्यांनीच सरळ टांग टाकली. हातातली चहाची किटली टाकून मी मागून त्यांचा सदरा खेचला. ओंडक्यापलीकडे पाचोळ्यात घोणशीसारखा जाडजूड साप पडला होता. ही जात चाहूल लागली तरी हलत नाही. "विसरलात?" मी ओरडले. "विसरतोय कसला! गुडघा चढू देत नाही. महिनाभर असाच ओलांडतोय." वळसा घातल्यावर त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "आजपासून पुढे तू." पुढच्या ओंडक्यावर मी चढले, पलीकडे नीट पाहिलं आणि बाबांपुढे हात केला.  ते हात घट्ट धरून वर आले आणि पाहुण्यांवर खेकसले, "बघताय काय? हात धरायचा. हाही नियमच आहे."