बाण आभाळाकडे

साधनाताईंनी मोबाइल पुढे सरकवला आणि खलीलभाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

व्हिडिओ समुद्राच्या तळाचा होता. पाणबुड्याच्या दिव्यात एक जाडजूड पाइप दिसत होता, नाशकात, अंबडच्या याच कारखान्यात जोडलेला. पण त्याच्या सगळ्या तोट्या वाळूत तोंड खुपसून बसलेल्या. आजूबाजूला उताणे पडलेले खेकडे, उघडे शिंपले. एकही हलत नव्हता.

"या अल्ला!" खलीलभाई म्हणाले.

समुद्राचं पाणी गोडं करायचं म्हटलं की मागे जवळजवळ दुप्पट खारट पाणी उरतं. ते जड असतं. तोट्यांतून जोरात वर उडवलं तर आसपासच्या पाण्यात मिसळून सौम्य होतं. खाली सोडलं तर तळाशी साचतं आणि तिथल्या जिवांना जगू देत नाही. ते होऊ नये म्हणूनच तर हा पाइप बनवायचा सगळा खटाटोप! चाचणी सुरू होऊन चारच दिवस झाले होते, आणि चार दिवसांत ही गत.

"बसवणारे म्हणतात, पाइपावर बाण होता तसा बसवला," साधनाताई म्हणाल्या. कारखाना त्यांचा, खलीलभाई तिथले मुख्य फिटर. "आणि बघा ना, बाण आपलाच आहे. पिवळाधमक. तोट्या खाली आणि बाण वर! खलीलभाई, हे झालंच कसं? चूक कुणाची ते प्रकल्पवाल्यांना आज दुपारपर्यंत लेखी हवंय."

कसं झालं म्हणजे काय! बाण आखायचं काम जीवनचं. आठ वर्षांपूर्वी हा पोरगा आला तेव्हा त्याला पाना धरता येत नव्हता. खलीलभाईंनी त्याला हाताला धरून फिटर केला. काल नुसता तक्रारीचा फोन आला तेव्हा हाच छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "उस्ताद, मी बाण तोट्यांकडंच आखला होता. आईची शप्पथ."

खलीलभाईंनी त्याला आत बोलावलं आणि व्हिडिओ दाखवला. जीवननं तो शेवटपर्यंत पाहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच आहे."

खलीलभाईंनी आजवर कुणावर हात उगारला नव्हता. आज ताईंदेखत जीवनच्या कानाखाली काडकन वाजली. "काल आईची शपथ खाल्लीस आणि आज चूक माझी म्हणतोस? लाज नाही वाटत रे?"

जीवननं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. असा कागद गेला की अंबड-सातपूरच्या कारखान्यांत त्याला कुणी दारात उभं करणार नाही, हे खलीलभाईंना पक्कं ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढून ते खेकडे हलेनात. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेलं एकही काम परत आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात जीवनचं नाव लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद ताईंच्या हातात दिला.

तसेच तणतणत ते आवारात आले. दुसरा पाइप उद्या निघायचा होता. फकिरा पेंटर त्याच्यापाशी बसून रंगाचा डबा घोटत होता. फकिरा घोटीचा, साठीला आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"फकिराबाबा, ऐक. यापुढं बाण काढायचा तो मी समोर उभा असताना. कळलं?"

"मागल्या खेपेलाबी तुमी समोरच व्हता की," फकिरा बोलून गेला आणि त्यानं चटकन जीभ चावली.

"काय म्हणालास?"

फकिरा ब्रश पुसत राहिला. खलीलभाईंनी त्याचा खांदा धरला तेव्हा कुठे तो बोलला. "जीवननं बाण बरोबर आखला व्हता. तोट्या वर ठिवल्या तर रस्त्यातल्या तारांना अडकतील म्हनून क्रेननं पाइप उलटा करून गाडीवर ठिवला. तोट्यांना पोती गुंडाळलेली. बाण आपसूक जमिनीकडं झाला. तुमी जुम्म्याच्या नमाजाला निघालेला, घाई व्हती. बाण बघितला अन् मलाच वरडला, 'अक्कल गहाण ठेवलीस का? गाडीवर बाण नेहमी आभाळाकडं!' मंग म्या थिनरनं पुसला अन् आभाळाकडं नवा काढला."

गाडीवर बाण आभाळाकडं! खोक्यांवरचे बाण पाहून एकतीस वर्षं खलीलभाई हेच ओरडत आले होते. त्या दिवशीही ओरडले असतील. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. ज्या हातानं त्या पोराला मारलं, त्याच हातानं कागदही लिहिला होता.

"मी ताईंकडं जातो," ते म्हणाले. "तो कागद फाडतो, माझं नाव लिहितो. मग जीवनच्या घरी जातो. पण त्याला सांगू कसं, फकिराबाबा? हे कळल्यावर तो माझं तोंड तरी बघेल का?"

फकिरानं मान वर केली नाही.

"त्याला म्या कालच सांगितलं, खलीलभाई. सुट्टी झाल्यावर इचारायला आला व्हता. समदं ऐकलं अन् म्हनला, उस्तादांना कळलं तर ते जित्तेपनी मरतील. मी कबूल करतो, तुमी फकस्त गप ऱ्हावा."