दाराला टांगलेला ग्राइंडर

खंडेनवमीची पूजा मांडत होते. वेल्डिंग मशीन, पाने, हातोडे आणि सासऱ्यांच्या काळातला ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. तेवढ्यात ग्राइंडरच्या कंपनीचा साहेब पेढे आणि एक नवाकोरा ग्राइंडर घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, हाही पूजेत ठेवा. जाहिरातीसाठी एक फोटो काढतो."

हाच माणूस मागच्या वर्षी दवाखान्यात आला होता. सासऱ्यांचा ग्राइंडर बनवणारी जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. नाव तेच ठेवलं, रंग तोच ठेवला, माल मात्र हलका केला. त्या नावावर विसंबून आम्ही घेतलेल्या मशीनचं गार्ड चालू कामात फुटलं आणि ह्यांची दोन बोटं गेली. तेव्हा खाटेशी उभा राहून हा म्हणाला होता, "तुम्हाला मशीन नीट वापरता येत नाही." अख्खा जन्म लोखंड कापण्यात गेलेल्या माणसाला!

"पूजेत पोटाला घालणारी हत्यारं ठेवतात, साहेब," मी वर बोट दाखवत म्हणाले. "तुमचं मशीन तिथं आहे."

त्यानं वर पाहिलं. चौकटीला, लिंबू-मिरचीच्या शेजारी, तो फुटका ग्राइंडर मी तारेनं टांगलाय. कंपनीचं नाव रस्त्याकडे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी प्रत्येकाला सगळं सांगते.

साहेबाचा चेहरा उतरला. "तेवढा खाली उतरवा, वहिनी. बदल्यात नवे दोन देतो."

"द्या की," जुन्या ग्राइंडरला झेंडूची माळ घालत मी म्हणाले. "शेजारच्या दोन्ही वर्कशॉपच्या दाराला अजून काहीच टांगलेलं नाही."