दोन पट्ट्यांमधलं अंतर

"अंतर जास्त आहे," नगरपालिकेच्या परवाना खिडकीतली बाई म्हणाली आणि तिनं नकाशा काचेखालून परत सरकवला.

घड्याळजींनी चष्मा कपाळावर चढवला. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांचं माप चुकलं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ विसरलात म्हणण्यासारखं. "कसलं अंतर?"

"कठड्याच्या पट्ट्यांमधलं. तुम्ही सहा इंच दाखवलंय. चारच्या वर चालत नाही. लहान मूल मध्ये डोकं घालतं."

"आमच्याकडे कुठलं मूल? आम्ही दोन म्हातारी माणसं."

"नियम आहे."

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला कुंपणापासूनचं माप राहिलं होतं, दुसऱ्या खेपेला शेजाऱ्याची संमती. शेजारी एरवी वाकड्यात शिरणारा, पण त्यानंही मुकाट सही दिली. मागच्या दारी बांधायचा ओटा कुणासाठी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाय गेल्यापासून घड्याळजींची बायको सात महिने चाकाच्या खुर्चीत होती. मागच्या दाराला चार पायऱ्या, आणि पलीकडे तिनं स्वतः लावलेली बाग. "एकदा उन्हात बसवा हो मला," एवढंच तिचं मागणं. दाराला लागून लाकडी ओटा, बागेत उतरायला उतार. लाकूडसुद्धा येऊन पडलं होतं. घोडं अडलं होतं ते परवान्यावर.

"काका, कोण बघतंय? ठोकून टाकू," सुतार म्हणाला होता. पण घड्याळजी कुणाचं ऐकतील तर शपथ! शेजारची खिडकी रिकामी असली तरी ते याच खिडकीच्या रांगेत तासभर उभे राहायचे. आणि ही बाई दुसऱ्यांना "काका, बसा ना" म्हणायची, यांना मात्र नुसतं "पुढचा कागद".

आताही तिनं पुढचा कागद उलटला. "घर तिघांच्या नावावर आहे. इथं सह्या दोनच. सगळ्या मालकांच्या लागतात."

"माहीत आहे."

"मग?"

घड्याळजींनी घसा खाकरला. "तिसरी मालक आमची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिच्या लग्नावरून वाजलं. रागाच्या भरात मी म्हणालो, या घराची पायरी चढू नकोस. ती पडली शब्दाची पक्की. माझ्यावरच गेलीय."

"तिला जाऊन भेटायचं."

"भेटलो की. तीनदा भेटलो. जीभ रेटत नाही." मागे रांगेत कुणीतरी च्यक् केलं. घड्याळजी काचेजवळ वाकले. "चुकलं माझं. आईला तरी शिक्षा नको म्हणावं."

बाईनं काचेखालून नकाशा परत ओढून घेतला. मग तिनं लाल पेनानं सहाचा आकडा खोडून चार केला. काळं पेन घेतलं, मालकांच्या रकान्यात तिसऱ्या ओळीवर सही केली आणि अर्ज शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाकडे दिला.

"हा तुम्ही तपासा. नियमानं मला चालत नाही." मग ती काचेकडे वळली. "आणि अंतर चारच ठेवा, बाबा. तुमची नात मिळेल तिथं डोकं घालते."