चौदाचे वीस

काटा चौदावर थांबला.

"अजून जोर लावा," मास्तर म्हणाले.

तोफवाल्याने दात आवळले, मानेच्या शिरा फुगवल्या, पण पकड मोजायच्या यंत्राचा काटा चौदा किलोंच्या पुढे ढिम्म हलला नाही. "तोफा ओढल्यात मास्तर या हाताने," तो हसून म्हणाला, "आणि हे खेळणं मला दाद देत नाही."

जखमी जवानांच्या या केंद्रात मास्तर अकरा वर्षं व्यायाम करून घ्यायचं काम करत होते. शाळेतल्या कवायतीसारखे मोठमोठ्याने आकडे म्हणत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता केंद्रच बंद होत होतं. खाटा गेल्या होत्या, पडदे निघाले होते, बोललेलं भिंतीवर आपटून परत येत होतं. उरलेल्या जवानांचा निकाल आज लागायचा होता. नियम साधा होता. पकड वीस किलो भरली तर माणूस घरी, कारण त्याला स्वतःची कुबडी स्वतः धरता येते. वीसच्या खाली असेल तर नव्या केंद्रात. ते रेल्वेने दोन दिवसांच्या वाटेवर होतं आणि तिथला मुक्काम निदान तीन वर्षांचा.

दारात तोफवाल्याची बायको येऊन उभी राहिली. दीड वर्षात तिचा एक दिवस चुकला नव्हता. धुतलेले कपडे खिडकीत ठेवायचे आणि नवऱ्याशी बोलायच्या आधी मास्तरांना विचारायचं, "आज किती?" आकडा ऐकल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. मास्तर घरी कौतुकाने तिचे दाखले देत आणि त्यावर स्वतःच्या बायकोकडून जे ऐकून घ्यावं लागे ते मुकाट्याने ऐकून घेत.

"आज किती, मास्तर?" आज तिचे ओठ सुकले होते.

"अजून लिहिलेलं नाही, वहिनी."

"चौदाच भरले तर नक्की तिकडेच नेणार ना यांना?"

"हो."

"आणि तिकडे बायकामुलांना राहू देत नाहीत?"

"नाही देत. वर्षाकाठी दोन भेटी, बस्स."

तिने डोळे मिटून लांब श्वास सोडला. तिकडे गेलेल्यांचं काय होतं हे मास्तरांनी पाहिलं होतं. आधी भेटी कमी होतात, मग फोन, मग माणूस खिडकीकडे तोंड करून बसतो ते बसतोच.

"बाहेर बाकावर बसा," ते म्हणाले. "मी सांगतो."

ती गेली. मास्तरांनी तक्ता पुढे ओढला. अकरा वर्षांत त्यांनी अर्ध्या किलोचाही फरक केला नव्हता. खोटी नोंद सापडली तर नोकरी जाणार होती आणि वर लष्करी चौकशी. त्यांना भीती वाटत होती. तरी त्यांनी रकान्यात वीस लिहिलं. मग घाईघाईने यंत्र खोक्यात घातलं, कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर मोहर उठवली.

तोफवाला सगळं बघत होता. त्याचे डोळे चमकले.

तपासणीचे कर्नल आले तेव्हा मास्तर उगाचच टेबल पुसत होते. कर्नलांनी तक्ता वाचला, मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं वाचलं.

"काल चौदा. आज वीस?"

"कधीकधी एकदम येतो जोर, साहेब."

"यंत्र काढा. माझ्यासमोर मोजा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मोहरबंद झालंय, साहेब. उघडायला वरून परवानगी आणावी लागेल. सामानाची गाडी तर अकराला सुटते."

कर्नलांनी घड्याळ पाहिलं, खोकं पाहिलं, मास्तरांच्या कपाळावरचा घामही पाहिला. मग त्यांनी स्वतःचा हात तोफवाल्यापुढे धरला. "दाबा."

तोफवाल्याने तो हात धरला. मास्तर मनातल्या मनात आकडे म्हणू लागले, आणि सातावर कर्नलांनी हात सोडवून घेतला.

"घरची ओढ दिसतेय," बोटं चोळत ते म्हणाले.

"लेकीला पाहून दीड वर्ष झालं, साहेब," तोफवाला म्हणाला.

कर्नलांनी सही केली आणि पुढच्या खोलीकडे वळले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते जवळजवळ धावतच बाहेर आले.

"वहिनी, वीस."

ती बाकावरून उठली. "काय म्हणालात?"

"वीस भरले. दुपारच्या गाडीने घरी सोडतील. साहेबांची सही झाली, आता वरून कुणी आलं तरी बदलणार नाही."

तिने बाकाची पाठ घट्ट धरली. आनंदाने माणसाचं असं होतं हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांचेही डोळे भरून आले. आपण लबाडी केली खरी, पण एक संसार वाचवला, असं त्यांना वाटलं.

तिने पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. घरच्यांना ही बातमी तिनेच द्यावी म्हणून मास्तर दोन पावलं मागे सरले.

"ताई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हे घरी येतायत. पोरीला शाळेतून परस्पर घेऊन जा, आणि कुठे ठेवलीस ते यांच्यासमोर मी कितीही रडून विचारलं तरी मला सांगू नकोस."