पिवळी, हलकी, बिनटपाची

"आणि पितांबरबाबा नाही म्हणाले तर?" मोटरसायकल कडुलिंबाखाली लावता लावता अभिमननं विचारलं.

"शुभ बोल की लेका!" मगन खेकसला.

मगन म्हणजे सोनगीरजवळच्या गावातल्या झुलालनानांचा एकुलता एक. नानांचं कापसाचं जिनिंग जोरात चालायचं आणि पोराच्या डोक्यात त्याहून जोरात एकच खूळ फिरायचं, स्पोर्ट्स कार! पुण्याचा एक कारखाना सांगाल तशी गाडी बांधून देतो आणि त्याचा धुळ्यातला एजंट आपलाच कॉलेजातला अभिमन आहे, हे कळल्यापासून तर त्याची झोपच उडाली होती. महिनाभर रुसवेफुगवे झाले, तेव्हा कुठे नाना वितळले. पण एक अट घालूनच.

"पितांबरबाबांनी हो म्हटलं तर घे. नाही म्हणाले, तर पुन्हा या घरात गाडीचं नाव काढायचं नाही."

पितांबरबाबा गावातल्या खंडेरावाचे भगत. विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, गाव आधी त्यांच्या ओट्यावर यायचं. दर चैत्रात यात्रेला माणसांनी खच्चून भरलेल्या बारा बैलगाड्या एकमेकींना बांधून ते एकटे ओढायचे. तीस वर्षांत हा मान चुकला नव्हता. अशा माणसाच्या शब्दापुढे कोण जाणार? आणि त्यांना नव्या यंत्रांचा भारी राग. गावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा ते आठ दिवस मालकाशी बोलले नव्हते म्हणे.

बाबा ओट्यावर पान लावत बसले होते. मगननं वाकून पाया पडून घेतलं.

"बैठ," बाबा म्हणाले. "दखाड तुनी गाडी."

अभिमननं रंगीत पुस्तक उघडलं. मगननं घसा साफ केला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. काळीभोर, पोलादी, वर पक्का टप, रुंद टायर, आत गार हवेचं यंत्र, चार स्पीकर. बाबा ऐकत राहिले. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. झालं, आता नाही म्हणणार, मगनला वाटलं.

"टप कसाले?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... ऊन लागतं ना, बाबा."

"जड व्हई. काढी टाक."

अभिमनचे डोळे चमकले. "बाबा बरोबर बोलले, मगन! शर्यतीच्या गाड्या उघड्याच असतात."

"लोखंडनी का फायबरनी? हलकी कोनती शे?"

"फायबरची, बाबा. निम्म्यानं हलकी."

"मंग तीच."

मगन बघतच राहिला. गाडी जितकी हलकी तितकी सुसाट, हे त्याला परदेशी मासिकं चाळून चाळून कळलं होतं. बाबांना कुणी सांगितलं?

गार हवेचं यंत्र गेलं. स्पीकर गेले. टायर अरुंद आले. इंजिनाच्या पानावर तर मजाच झाली. सगळ्यात हलकं इंजिन अॅल्युमिनियमचं, आणि नेमकं तेच सगळ्यात ताकदीचं! बाबांनी त्याच्यावर बोट ठेवलं तेव्हा मगनला उठून नाचावंसं वाटलं. नानांकडे हे इंजिन मागायची त्याची छाती झाली नसती.

"गिअर काढा ते मोकळी चालस ना?"

"लोण्यासारखी!" अभिमन म्हणाला.

"पुढे दोर बांधाले आकडा?"

"आहे ना! शर्यतीत गाडी बंद पडली की ओढून न्यायला लागतो. जास्तीचा मजबूत बसवून देऊ."

"बसाड. आनि बाजूले पाय ठेवाले पट्टी जोयजे. म्हातारा मानूस कसा चढी?"

मगनला भरून आलं. बाबांना स्वतःला गाडीत बसायचंय तर! आणि आपण उगीच घाबरत होतो.

"रंग काळाच ठेवू ना, बाबा?" त्यानं लाडात विचारलं.

"पिवळा."

"पिवळा तर पिवळा! झकास दिसेल." आज बाबांनी गुलाबी म्हटलं असतं तरी त्यानं मुंडी हलवली असती.

"आयक, मगन. गाडी चैत्रना पहिले येवाले जोयजे. आनि पहिला मान मना."

"म्हणजे काय! तुमच्याआधी कुणी शिवणारसुद्धा नाही. खंडेरावाची शपथ!"

बाबा उठले, आत गेले आणि भंडारा घेऊन आले. दोघांच्या कपाळाला लावला. "घे. मना होकार शे."

मगननं अभिमनला कडकडून मिठी मारली. मग बाबांचे पाय धरले. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. एवढी झकपक गाडी धुळ्यात सोडा, जळगावातही कुणाकडे नसेल. आणि ती ठरवून दिली कुणी, तर पितांबरबाबांनी!

"बाबा, पहिल्याच दिवशी तुम्हाला हायवेनं धुळ्याला नेतो," तो म्हणाला. "वाऱ्यासारखी पळवतो, बघाच तुम्ही!"

"पहिल्या दिवशी तू फक्त स्टेरिंग धरजो," बाबा शांतपणे म्हणाले. "इंजन बंद ठेवजो."

"बंद?" मगन हसायला लागला. "मग गाडी चालेल कशी, बाबा?"

बाबांनी धोतराचा काचा मारला, दोन्ही पाय ओट्याखालच्या मातीत घट्ट रोवले आणि कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली.

"यंदा गावमा बैलगाड्या अकराच उरन्यात, भो."